यजमान झाड

डब्याच्या झाकणात चिरून ठेवलेल्या फोडीतून अळीनं उडी मारली, तेव्हा जेवायला बसलेल्या तिच्या तोंडात घास होता. अळी पांढुरकी, तांदळाच्या कणीहून जेमतेम मोठी. तिनं अंगाचं कडं केलं, शेपूट तोंडात धरल्यासारखं, आणि सुटली. वीतभर लांब जाऊन टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडली. परत कडं, परत उडी. दुसऱ्या कुणी किंचाळून डबा लोटला असता. तिनं घास चावला, गिळला, आणि गिळल्यावर तिच्या लक्षात आलं की तो त्याच फळाचा होता. थुंकायचं सुचलंच नव्हतं. फळांत अळ्या सतराशे साठ प्रकारच्या निघतात, पण अशा उड्या मारणाऱ्या थोड्या. आणि त्या कुणाच्या असतात हे ओळखण्याचाच तिला पगार मिळत होता.

विमानतळाच्या मालगोदामामागं ही बैठी इमारत. प्रवाशांच्या बॅगांतून निघालेली फळं, रोपं, मातीचे गड्डे, सगळं इथं यायचं. स्टीलचं एक लांब टेबल, सुरी, ट्रे, भिंग, खिडकीशी सूक्ष्मदर्शक, आणि मागच्या बाजूला भट्टी. लोक फळं कुठं कुठं लपवतात हे पाहून सुरुवातीला तिला हसू यायचं. बुटात, बाळाच्या दुपट्ट्यात, एकीनं तर अंबाड्यात. पुढं ते हसू आटलं. म्हातारी माणसं भांडायची नाहीत, नुसती बघत राहायची. "भावाच्या परसातलं आहे हो," एवढंच म्हणायची. ती फळ चिरायची, बघायची, आणि अळी निघो न निघो, फळ भट्टीत जायचं. लाकडी खोक्यांना धुरी देणारा एक जण होता, त्याला सगळे धुरीवालाच म्हणत. तो जेवताना तिला चिडवायचा, "बाईंना कल्पवृक्ष जरी दिसला ना, तरी बाई आधी पान उलटं करून कीड बघतील." आज तो रजेवर होता. खोलीत ती एकटीच होती. वर्तमानपत्र चुरगाळून डबा विसळून टाकला असता, तर कुणालाही कळलं नसतं.

फळ बॅगेतून निघालेलं नव्हतं. ते तिच्या वडलांच्या आवारातलं होतं. अबियू. कोंबडीच्या अंड्याएवढं, हळदीच्या रंगाचं, टोकाला इवलीशी चोच. आत काचेसारखा गर, चमच्यानं खावा असा. नीट पिकलं नसेल तर चीक ओठांना चिकटतो आणि बोलताना ओठ उकलावे लागतात. हे झाड वडलांनी बीपासून केलं होतं. आधीची दोन रोपं मेली, हे तिसरं जगलं, आणि यंदा त्यानं पहिल्यांदा दोन फळं धरली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी एक फळ ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवलं होतं. "हे तुझं. माझं अजून झाडावर आहे. तू आधी खा, सांग, मग मी उतरवतो." ते असं बोलत तेव्हा त्यांचे डोळे चष्म्याआड मोठे दिसत. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्यांची हयात गेली होती. घरी आले की हात धुऊन ते सरळ परसात जायचे, चहा थंड व्हायचा.

दुपारी त्यांचा फोन आलाच. "काय गं आठळे, कसं होतं?" फणसाच्या आठळीसारखी काळीसावळी, गुळगुळीत, टणक पोर म्हणून लहानपणीच हे नाव पडलं होतं, आता तिचे केस पिकायला लागले होते तरी ते सुटलं नव्हतं. "गोड होतं," ती म्हणाली. "नुसतं गोड? अगं, गोड तर साखरही असते. वास? चव कशी मागं रेंगाळली?" ती सूक्ष्मदर्शकाशी उभी होती. भिंगाखाली अळीचं तोंड होतं, दोन काळ्या आकड्यांचं, गर ओरबाडायला केलेलं. "शहाळ्याच्या मलईसारखं," ती म्हणाली, "आणि शेवटी करपलेल्या साखरेचा वास." पलीकडं ते खुशीत हसले. खोटं नव्हतं ते. फळाची चव तशीच होती. तिनं फोन ठेवला, काचेच्या बरणीत वाळू घातली, उरलेल्या फोडी त्यावर ठेवल्या, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि बरणी कपाटाच्या खालच्या फळीवर मागं सारली. अळीवरून जात नक्की करता येत नाही. अळ्या वाळूत उतरतात, कोष करतात, कोषातून माशी निघते, आणि मग माशीच्या पंखावरचे पट्टे बघायचे. आपल्याकडची नेहमीची फळमाशी असेल तर कुणाला काही नाही; ती घराघरांत असते. परदेशातून आलेली, कायद्याच्या यादीतली असेल तर मात्र ज्या आवारात सापडली तिथलं एकूण एक फळझाड मुळासकट काढायचं, माती औषधानं भिजवायची, आणि आसपासच्या घरांतली फळं उतरवून जाळायची. नियम सरळ होता. दुसऱ्यांच्या आवारांत तो तिनं पाळला होता.

ज्या झाडाच्या फळात माशी अंडी घालते त्याला या धंद्यात यजमान म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द कानावर पडला तेव्हा तिला वर्गातच हसू फुटलं होतं. आई चारचौघांत वडलांना यजमान म्हणायची, आणि तेही चेष्टेनं. दारात कुणी आलं की म्हणायची, "बसा. आमचे यजमान परसात आहेत, झाडांना सोडलंन् की येतील." शेजारणीला सांगायची, "मला बाई सवत आहे, पण एक नाही, तीस-चाळीस, आणि सगळ्या पानाफुलांच्या." ती हसायची तेव्हा सगळेच हसायचे. परस म्हणजे घराच्या तिन्ही बाजूंनी वेढा. खोडालाच गोवर आल्यासारखी काळी फळं फुटणारं जाबोटिकाबा, सापाच्या कातड्याची फळं देणारं काटेरी सालाक, पान चुरलं की खोकल्याच्या औषधाचा वास येणारं एक, आणि मागच्या भिंतीशी ते उंच, काळ्या सालीचं झाड, ज्याचं बी भलत्याच नावानं आलं होतं. ते नाव चुकीचं हे पानं फुटल्यावर कळलं, पण खरं कोणतं हे फळ धरल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि फळ ते धरत नव्हतं. वडील त्याला पाहुणा म्हणत. लहानपणी तिला डोळे मिटायला लावून ते पान हातात देत: बोटांनी शिर मोज, चुरून हुंग, चीक निघतो का बघ, आता सांग. बरोबर सांगितलं की डोक्यावर टपली. चुकलं तर रागवायचे नाहीत, पण पान परत घ्यायचे. ते पान परत घेणं तिला टपलीपेक्षा जास्त आठवायचं. आणि खोल्यांतला अंधार. भर दुपारी आईला निवडायला टिपायला दिवा लावावा लागायचा. "एखादी फांदी तरी छाटा," आई म्हणायची, आणि ते "बघतो" म्हणायचे, आणि पुढच्या महिन्यात फांदी आणखी आत आलेली असायची.

आईच्या शेवटच्या आजारात तोंडाला चव नव्हती. वडील रोज काहीतरी घेऊन यायचे. साल काढलेलं, बिया काढलेलं, बशीत मांडलेलं, आणि पलंगाशी बसून सांगायचे, हे कुठलं, कसं मिळालं, किती वर्षं लागली. आई एक फोड घ्यायची, तोंडात फिरवायची, पदरात काढून टाकायची. त्यांना खरंच वाटत होतं की जगात असं एक फळ आहे जे हिच्या घशाखाली उतरेल, आणि ते आपल्याला सापडेल. एकदा ते बाहेर गेल्यावर आई तिला म्हणाली, "मला काहीतरी साधं दे गं. नुसता मऊ भात दे." तिनं दिला. आईनं दोन घास खाल्ले आणि भिंतीकडं तोंड केलं. "त्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल." तिनं सांगितलं नाही. आई गेल्यानंतरही सांगितलं नाही. ते वाक्य तिच्यात तसंच राहिलं, दाताच्या फटीत अडकलेल्या तंतूसारखं. जीभ अधूनमधून तिथं जायची.

रविवारी ती घरी गेली तेव्हा बोटवाले काका परसात बसलेले होते. ते बोटीवर इंजिनात नोकरीला, वडलांचे शाळेपासूनचे दोस्त. तिला पाहताच त्यांनी पायाशी असलेली पिशवी टाचेनं खुर्चीखाली सारली. "या इन्स्पेक्टरबाई! झडती घेता का?" ते मोठ्यानं हसले. ती पण हसली. या पिशवीचं सगळ्यांनाच माहीत होतं. बिया येत, कलमं येत, कधी अख्खी फळंही येत असणार, आणि ती ज्या दारावर पहारा करायची त्याच दाराच्या बाजूच्या फटीतून येत. नोकरी लागली तेव्हा एकदाच वडलांनी विचारलं होतं, "तुझ्या ओळखीनं एखादं पाकीट सोडवता येईल का गं?" ती नाही म्हणाली होती. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. तिनंही विचारलं नाही. ते दार दोघांनी मिळून लोटून ठेवलं होतं, कडी न लावता.

ती अबियूपाशी गेली. दुसरं फळ झाडावर नव्हतं. "खाल्लंत?" तिनं विचारलं. वडील रोपांच्या कुंड्या सरळ करत होते. "नाही गं. पडलं. आतून खराब निघालं. पाखरानं टोचलं असेल." ते तिच्याकडं बघत नव्हते. "कुठं टाकलं?" "पुरलं खतात." मग थोडं थांबून, "पाखरंच असतील." बोटवाले काका पिशवी न घेताच उठले आणि म्हणाले, "चला, मला उशीर होतो." ती गच्च ओल्या पानांत उभी होती. पेरूच्या एका फळावर तिला टाचणीनं टोचल्याएवढा ठिपका दिसला, भोवती थोडं तपकिरी. तिनं बोट ठेवून पाहिलं. आत मऊ लागलं. तिनं बोट पदराला पुसलं, आणि घरात जाऊन चहा केला, आणि चहाबरोबर ते दोघं पावसापाण्याचं बोलले.

कोष आता गव्हाच्या दाण्यांसारखे दिसत होते. ती रोज सकाळी कुणी यायच्या आत कपाट उघडायची, वाळूवर पाणी शिंपडायची. फार ओलं झालं तर बुरशी येते, फार कोरडं झालं तर आतल्या आत वाळून जातात. एके दिवशी तिला जाणवलं की आपण यांना जपतोय. नुसतं पाणी द्यायचं विसरलं तरी पुरे आहे. कोष सुकतील, माशी निघणार नाही, जात ठरणार नाही, आणि आपण काहीच केलेलं नसेल. माणसं विसरतात. तिनं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशीही शिंपडलं. का, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. नोकरीशी इमान म्हणावं तर साहेबांच्या मेहुण्याची पेटी तिनं न उघडता सोडली होती. बाहेरगावच्या बागांची काळजी म्हणावं तर त्या बागा तिनं आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिलेल्या. उत्तराच्या जागी एक पोकळ, गार काहीतरी लागायचं, आणि हात तिथून परत यायचा.

माशी निघाली ती एका उजेडाच्या सकाळी. बरणीच्या काचेवर ती चढत होती, अंगावर पिवळे डाग, पंख अजून ओले. पंख वाळून पसरायला वेळ लागतो. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि वाट पाहिली. पंख उघडले तेव्हा पट्टा कडेपाशी संपायच्या ऐवजी आडवा वळून खाली उतरला होता. यादीतल्या माशीचा पुस्तकातल्या चित्रात असतो तसाच. सुंदर होता. इतका सुबक पट्टा की क्षणभर तिला वडलांना बोलावून दाखवावा असं वाटलं: बाबा, डोळे मिटू नका, बघा, आणि सांगा.

साहेबांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुठल्या विमानातलं?"

"विमानातलं नाही. माझ्या वडलांच्या आवारातलं."

साहेब काही वेळ पेपरवेट फिरवत राहिले. तसा माणूस भला. "तुम्ही असं करा, चार दिवस रजा टाका. दुसरं कुणीतरी जाईल. तुम्ही तिथं असायची गरज नाही."

"नको. मीच जाते," ती म्हणाली. आपला आवाज तिला शांत वाटला, आणि त्याची भीती वाटली.

वडलांना तिनं आदल्या दिवशी जाऊन सांगितलं. ते स्वयंपाकघरात डाळ धूत होते. सगळं ऐकून घेतलं. "सगळी?" एवढंच विचारलं. "सगळी, बाबा." "पाहुणा पण? त्याला तर फळच नाही." "फळझाड असेल तर पण. ते काय आहे तेच आपल्याला माहीत नाही." त्यांनी डाळीतलं पाणी ओतलं, दुसरं घेतलं. पाणी स्वच्छ निघायला लागलं तरी ते धूतच राहिले.

सकाळी गाडी आली, माणसं आली, करवतीचं यंत्र आलं. साहेब स्वतः आले होते. त्यांनी अदबीनं वडलांना विचारलं, "बाहेरदेशातनं फळं वगैरे कधी आणवलीत का? कुणी आणून दिली का? रागावू नका, विचारावं लागतं." वडील तिच्याकडं न बघता म्हणाले, "नाही." साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. ती गप्प राहिली. मग यंत्र सुरू झालं. अबियू एका दमात गेलं; अजून मनगटाएवढंच होतं ते. जाबोटिकाबाला वेळ लागला. सालाकच्या काट्यांनी एकाचे हात रक्ताळले आणि तो आईबहिणीवरून शिव्या देत राहिला, झाडाला. पाहुण्याशी आल्यावर मुकादमानं विचारलं, "हे कशाचं झाड? काय सांगू वरती?" वडील ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. "माहीत नाही," ते म्हणाले. मुकादम हसला. "आजोबा, एवढी वर्षं पाळलंत आणि माहीत नाही?" वडील पण हसले, पाहुण्यांसमोर हसावं तसं. यंत्र बुंध्याला लागलं. लाकूड आतून लाल निघालं, ओलं, आणि एक वास सुटला, कुठल्याच ओळखीच्या वासासारखा नसलेला. माणसं क्षणभर थांबली, हुंगून एकमेकांकडं बघितलं, आणि पुन्हा कामाला लागली.

ते झाड पडलं तेव्हा उजेड आला. असा धावून आला की तिनं डोळ्यांवर हात घेतला. मागच्या खोलीची खिडकी, आईच्या पलंगाची, एकदम पांढरी झाली. खोलीतली भिंत दिसली, भिंतीवरचे ओलीचे डाग दिसले, कोनाड्यातली धूळ दिसली. आणि तिला बरं वाटलं. नुसतं बरं नाही. छातीत काहीतरी सुटलं, बालपणापासून आवळलेलं, आणि तिला मोठ्यानं श्वास घ्यावासा वाटला, आणि तिनं तो घेतला. ते एवढंच. मग ती खाली वाकून मुळं नीट निघाली की नाही ते बघू लागली. पण तो श्वास झाला होता. पाणी शिंपडणाऱ्या हातानं इतके दिवस जे उत्तर दिलं नव्हतं ते त्या श्वासानं दिलं, असं तिला वाटलं, आणि त्यानंतर ती ओट्याकडं बघू शकली नाही.

त्यानंतर वडील परसात उतरले नाहीत. ओट्यापर्यंत यायचे, परत फिरायचे. आवार सपाट, औषधानं पिवळट झालेलं, मधे मधे खड्डे बुजवल्याच्या खुणा. ती कचेरीतून सुटल्यावर रोज त्यांच्याकडं डबा घेऊन जायची. ते ताटावर बसायचे, चिवडायचे, उठायचे. गालफडं बसली. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. वय झालं म्हणाले. वर्तमानपत्र मात्र ते पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायचे. माशीच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. अमुक खोऱ्यातल्या बागांत सापडली, तमुक ठिकाणचा माल परत आला, ट्रकच्या ट्रक फळं खड्ड्यात लोटून वर चुना टाकला. ते वाचायचे, घडी घालायचे, उशीखाली ठेवायचे. तिच्याशी बोलायचे ते कामापुरतं. "आलीस?" "जातेस?" आठळी म्हणायचे बंद झाले होते. ते आपल्याला माफ करणार नाहीत हे तिला कळलं होतं, आणि त्यांनी करूही नये असं वाटायचं. त्यांचा राग ही तिला एकच बरोबर जागेवर असलेली गोष्ट वाटायची. ती डबा घेऊन येत राहिली ती त्या रागाच्या ओढीनं. एकदा तरी त्यांनी ताट भिरकावावं. एकदा तरी म्हणावं.

मग एका दुपारी साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं, दार लावलं. वरून आदेश आला होता: मोहीम बंद. यापुढं झाडं तोडायची नाहीत, फक्त सापळे लावायचे आणि लोकांना फवारणी शिकवायची. कारण माशी सगळीकडं पसरली होती, आणि आजची नव्हती. घाऊक बाजारातल्या सापळ्यांत सापडलेल्या जुन्या माश्या कुणीतरी पुन्हा तपासल्या, तर त्यांत हीच निघाली. तिच्या वडलांच्या झाडात सापडली त्याच्याही आधीपासूनची. नेहमीची म्हणून बाजूला काढून ठेवलेली. त्या कुणी तपासल्या होत्या हे विचारायचं नाही, असं साहेब म्हणाले. धुरीवाला म्हणाला, "म्हणजे घर जळाल्यावर कळलं की गाव आधीच जळत होता." कुणी हसलं नाही. साहेब तिच्याकडं बघायचं टाळत होते. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "त्या वेळी जे माहीत होतं त्याप्रमाणं आपण वागलो." ती हो म्हणाली. ती झाडं राहिली असती तरी चाललं असतं. पलीकडच्या घरातला पेरू उभा होता, त्याला नवी फळं धरली होती, आणि त्याला आता कुणी हात लावणार नव्हतं.

आज सांगायचंच असं ठरवून ती गेली. वाटेत ती शब्द जुळवत होती आणि ते काय करतील ते डोळ्यांपुढं आणत होती. ते ताटावर बसले होते. भाताचा ढीग बोटांनी इकडचा तिकडं करत होते. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं, एका दमात, एकही वाक्य मऊ न करता. आपली झाडं उगाच गेली, हेही सांगितलं.

त्यांची बोटं थांबली. "म्हणजे ती आधीपासूनच होती?"

"हो."

"बाजारात?"

"हो. आपल्याकडं बाजारातूनच आली असणार."

मग ते अगदी हळू, कुणी ऐकेल या भीतीनं, म्हणाले, "बोटवाल्याच्या फळांतनं नाही?"

इतक्या वर्षांत काकांच्या फळांची गोष्ट पहिल्यांदा घरात उच्चारली गेली होती. "नाही, बाबा. काका ज्या बंदरांना जातात तिकडं ही जात नसतेच."

त्यांनी डावा हात डोळ्यांवर घेतला. तिला वाटलं, आता ताट भिरकावतील. पण त्यांचे खांदे हलत होते. "मला वाटलं, मीच," ते म्हणाले. "मीच आणली. आपल्या अबियूला फळ धरलं त्या वेळी त्यानं एक फळ दिलं होतं, साल मी खतात टाकली होती. तुझ्या साहेबांशी खोटं बोललो. एवढ्या लोकांच्या बागा, रोज पेपरात... घास घशाखाली उतरत नव्हता गं. वाटायचं, आपण काय तोंडानं जेवायचं?"

"मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात."

"तुझ्यावर?" त्यांनी डोळे पुसून तिच्याकडं पाहिलं. खरंच नवल वाटल्यासारखं. "वेडी का खुळी? तू होतीस म्हणून मला वाटायचं, निदान आपल्या घरातून पुढं तरी नाही गेली. तुझ्या तोंडाकडं बघायची मला लाज वाटायची."

"पण झाडं तोडायची गरजच नव्हती, बाबा."

"ते तुला तेव्हा कुठं माहीत होतं?" त्यांनी भाताचा मोठा घास केला, तोंडात घातला, चावू लागले. "तू तुझं काम केलंस. मनात काही पाप नव्हतं तुझ्या. संपलं. वाढ आणखी थोडा."

तिनं वाढला. ते जेवत होते. आमटी भातात कालवून, बोटं चाटून, मधेच हुंदका आला की थांबून, परत. तिनं तोंड उघडलं. तो उजेड, तो श्वास, आईचा मऊ भात, सगळं जिभेवर आलं होतं. त्यांच्या हनुवटीला भाताचं शीत लागलं होतं आणि ते खाली बघून हसत होते. तिनं पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला.

हात धुऊन त्यांनी बोटवाल्या काकांना फोन लावला आणि मोठमोठ्यानं सांगितलं, दोनदा, तीनदा, "अरे, आपल्यामुळं नाही! आठळीनं सांगितलं, आत्ता. हो, नक्की. ती कशाला खोटं बोलेल?" मग फोन तिच्या कानाला लावला. पलीकडं काका नाक ओढत होते. "पोरी," ते म्हणाले, "तू सोडवलंस गं आम्हाला." "हो काका," ती म्हणाली.

फोन ठेवून वळते तो वडील परसात उतरले होते. चपला घालायचंही भान नव्हतं त्यांना. सपाट, पिवळट मातीवरून ते अनवाणी चालत गेले, मधोमध उभे राहिले, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघितलं, पायाच्या अंगठ्यानं माती उकरून पाहिली. "आठळे," त्यांनी हाक मारली, "ये ना बाहेर. किती मोकळं झालंय बघ."

ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिला खाली उतरता येईना.